चाकामागे चाक : समूहाने सायकल चालवण्याचे कौशल्य आणि शिष्टाचार

रविवारची पहाट. अजून पुरते उजाडलेले नसते. पुण्याचा पौड रस्ता, नाशिकचा गंगापूर रस्ता किंवा मुंबईत पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेला डोक्यावर शिरस्त्राण आणि मागे लुकलुकणारा लाल दिवा लावलेले दहा-पंधरा सायकलस्वार एका ओळीत सरसर निघून जातात. गेल्या काही वर्षांत, विशेषतः २०२० च्या टाळेबंदीनंतर, हे दृश्य महाराष्ट्रातील शहरांना सवयीचे झाले आहे. एकेकाळी गरजेपोटी चालवली जाणारी सायकल आता हौसेने, आरोग्यासाठी आणि सोबतीच्या ओढीने चालवली जाते. यात आनंद मोठा आहे. मात्र एकट्याने सायकल चालवणे आणि समूहाने चालवणे या दोन निरनिराळ्या विद्या आहेत, याची जाणीव फार थोड्यांना असते. लहानपणी शाळेच्या मैदानावर जी सायकल येते ती पहिली. दुसरी वेगळी शिकावी लागते आणि ती न शिकता समूहात शिरणाऱ्याची किंमत बहुधा त्याच्या मागचा मोजतो.

सायकलींचे शहर म्हणून ख्याती असलेल्या पुण्यात एका पिढीपूर्वी जोडीने सायकल हाणताना एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गप्पा मारण्याची रीत होती. डबलसीट किंवा बिनदिव्याची सायकल दिसली की हवालदार अडवत असे आणि चाकातली हवा सोडून देत असे, अशा आठवणी जुने पुणेकर आजही रंगवून सांगतात. त्या काळी सायकलचा वेग ताशी बारा-पंधरा किलोमीटर होता आणि रस्त्यावर सायकलींचेच राज्य होते. आज ना तो वेग राहिला, ना तो रस्ता. गिअरची हलकी सायकल सपाटीवर ताशी तीस किलोमीटर सहज गाठते आणि शेजारून जाणारा मालमोटारींचा ताफा तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

वाऱ्याचे गणित

समूहातले सायकलस्वार एकमेकांना इतके चिकटून का चालतात, हा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. उत्तर वाऱ्यात आहे. सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरच्या पुढे सायकलस्वाराची बहुतांश शक्ती हवा कापण्यात खर्च होते. पुढच्याच्या आडोशाला राहिले की हा भार लक्षणीय हलका होतो; मागच्याची साधारण चौथ्या हिश्श्यापासून एक तृतीयांशापर्यंत शक्ती वाचते. नेदरलँड्समधील आइंडहोवन येथील संशोधकांनी २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा वातविवरात आणि संगणकावर अभ्यास केला. घोळक्याच्या आत, मागच्या भागात असलेल्याला जाणवणारा हवेचा विरोध एकट्याने जाणाऱ्याच्या अवघा पाच ते दहा टक्के असतो, असे त्यांना आढळले. शर्यतीतला कसलेला खेळाडूही शेवटच्या टप्प्यापर्यंत घोळक्यात दडून का राहतो, याचा उलगडा या आकड्यांतून होतो.

या बचतीची दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. ताशी पंचवीस किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात सात मीटर अंतर कापते. संकट दिसल्यापासून ब्रेकवर बोट दाबेपर्यंत माणसाला पाऊण सेकंद तरी लागतोच; म्हणजे तेवढ्यात पाच मीटर निघून जातात. आडोसा मिळवण्यासाठी दोन चाकांमध्ये ठेवलेले अंतर मात्र अर्धा ते एक मीटर असते. थोडक्यात, पुढच्याने अचानक ब्रेक मारला तर मागच्याला तो टाळणे शक्यच नसते, मग तो कितीही सराईत असो. समूहातली सारी शिस्त या एका वस्तुस्थितीतून जन्मते. येथे मागच्याचे रक्षण त्याच्या ब्रेकपेक्षा पुढच्याने वेळेत दिलेली खूण अधिक करते. ज्या समूहात खुणा दिल्या जात नाहीत, तेथे दोन चाकांत निदान दोन सायकलींचे अंतर ठेवावे आणि वाऱ्याच्या बचतीचा मोह सोडावा. नवख्यांच्या समूहाने पहिले काही रविवार असेच चालवणे इष्ट.

सरळ रेघ आणि स्थिर पाय

समूहातला उत्तम सायकलस्वार कोणता? जो सर्वांत वेगवान, तो नव्हे. ज्याच्या मागे निर्धास्तपणे चालता येते, तो. त्याचे चाक सरळ रेघेत धावते, पायांची लय तुटत नाही आणि तो अकस्मात काहीही करत नाही. बाटली काढताना, मागे वळून पाहताना किंवा खिशातली चिक्की सोडताना ज्याची सायकल हातभर डगमगते, त्याने आधी मोकळ्या रस्त्यावर एकट्याने सराव करावा. रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून शंभर मीटर चाक न ढळू देता जाणे आणि मग तेच एका हाताने करणे, हा साधा पण खडतर अभ्यास आहे. पट्टा ओला असेल तर मात्र हा प्रयोग करू नये. रंगाचा थर पाण्याने निसरडा होतो.

नवखा सायकलस्वार पुढच्याच्या मागच्या चाकावर डोळे खिळवून बसतो. ही सर्वांत घातक सवय. नजर पुढच्याच्या खांद्यावरून पलीकडे, शक्य तितकी लांब असावी. चाकाचे भान डोळ्याच्या कोपऱ्यातून आपोआप राहते. दुसरी चूक चाके अडकवण्याची. आपले पुढचे चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला आत सरकले की पुढच्याने खड्डा चुकवण्यासाठी वीतभर बाजूला घेतले तरी दोन्ही चाके घासतात. अशा वेळी पुढचा बहुधा सावरतो आणि मागचा पडतो, कारण तोल राखण्यासाठी लागणारे सुकाणू, म्हणजे पुढचे चाक, त्याचेच अडकलेले असते. त्याच्या पाठोपाठचे दोघे-तिघे मग त्याच्यावर कोसळतात.

चढावर सीटवरून उठून पॅडल मारताना होणारी गफलत याच प्रकारची, पण कमी परिचित आहे. उठण्याच्या क्षणी पायांचा दाब तुटतो आणि अंगाखालची सायकल किंचित मागे येते. हे अंतर अर्ध्या हाताचेही नसते. मागच्याचे चाक टेकायला तेवढे पुरते. म्हणून उठण्यापूर्वी एक गिअर जड करावा, पॅडल खाली जात असताना दाब न सोडता उठावे आणि मागच्याला ‘उठतोय’ असे सांगावे. दिवे घाटात किंवा सिंहगडाच्या चढावर दमलेल्या रांगेत ही एक हाक पुष्कळ पडझड वाचवते.

ब्रेकविषयी एक बारीक गोष्ट. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींचा उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, पण परदेशी बनावटीच्या काही सायकलींत तो उलट जोडलेला असतो. मित्राची सायकल घेऊन निघताना कोणता ब्रेक कोणत्या चाकाचा, हे जागेवरच दाबून पाहावे. सायकल थांबवण्याचे खरे काम पुढचा ब्रेक करतो. मात्र तो एकदम आवळला तर मागचे चाक उचलले जाते. म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू आणि शरीराचा भार मागे नेत लावावेत. समूहात तर वेग कमी करायचा झाल्यास प्रथम पाय थांबवावेत, थोडे ताठ बसून अंगावर वारा घ्यावा आणि तरीही भागले नाही तरच ब्रेकला हात घालावा.

खुणांची भाषा

खुणा जगभर साधारण सारख्याच आहेत, तरीही निघण्यापूर्वी प्रत्येक समूहाने त्या एकदा बोलून घ्याव्यात. वळायच्या बाजूला हात आडवा पसरणे, थांबताना तळवा उंच धरणे, खड्ड्याकडे बोट दाखवणे, वाळू किंवा खडी असल्यास तळवा खाली करून हलवणे, आणि रस्त्यात उभी गाडी वा पादचारी असल्यास पाठीमागे हात नेऊन ज्या बाजूला सरकायचे ती दाखवणे, एवढ्यावर भागते. खूण पहिल्याने द्यायची आणि प्रत्येकाने ती मागे पोहोचवायची. साखळीतला एक जण गप्प राहिला की मागची माणसे आंधळी होतात.

मात्र दोन्ही हात हँडलवर हवेत अशा क्षणी, म्हणजे खड्ड्यांच्या चाळणीत किंवा उतारावर, खुणांच्या नादी लागू नये, आवाज द्यावा. ‘खड्डा डावीकडे’, ‘गतिरोधक’, ‘मागून गाडी’ असे दोन-तीन शब्दांत. आणि प्रत्येक बारीकसारीक खळग्यासाठी ओरडणाराही त्रासदायकच. दहा हाकांनंतर अकरावीकडे कोणी लक्ष देत नाही.

एक हाक मात्र पूर्णतः बंद करावी. चौकात पुढचा मागे वळून ‘रस्ता मोकळा आहे’ असे सांगतो आणि मागचे डोळे मिटून शिरतात. पुढच्यासाठी मोकळा असलेला रस्ता पाचव्याला मोकळा असेलच असे नाही. प्रत्येकाने आपापले पाहावे. सिग्नल मध्येच लाल झाला तर मागच्यांनी थांबावे आणि पुढे गेलेल्यांनी पुढे कडेला वाट पाहावी. घोळका तुटू नये म्हणून सिग्नल तोडणारे सायकलस्वार मोटारींच्या बेशिस्तीवर बोलण्याचा अधिकार गमावतात, हे येथे नोंदवलेच पाहिजे.

पुढारी आणि शेपूट

पुढे चालणाऱ्यावर वाऱ्याचा सारा भार असतो, म्हणून पाळी बदलत राहावी. दमेपर्यंत पुढे राहण्यात शौर्य नाही. दमलेल्याचे चाक डगमगते. पाळी संपलेल्याने मागे पाहून, वाहन नसल्याची खात्री करून, ठरलेल्या बाजूला सरकावे आणि पाय हलके करून रांगेच्या कडेने मागे जावे. उजवीकडे सरकायचे की डावीकडे, हे आधी ठरलेले असावे. नव्याने पुढे आलेल्याच्या पायात हटकून जोर संचारतो आणि तो वेग वाढवतो. रांग तेथेच तुटते. वेगदर्शक यंत्रावर आधीचा आकडा पाहून तोच टिकवणे, एवढीच पुढच्याची करामत.

गतिरोधकाशी आणखी एक गोष्ट दिसते. पुढचा वेग कमी करतो, ओलांडतो आणि लगेच जोर लावतो. तोवर शेवटचा जवळजवळ थांबलेला असतो. मग त्याला पन्नास मीटर जीव तोडून धावावे लागते. दहा गतिरोधकांनंतर तो मागे पडतो आणि सारे त्याला ‘कच्चा’ ठरवतात. वस्तुतः चूक पुढच्याची असते. शेपूट पार होईपर्यंत वेग वाढवू नये.

शेपटीला नेहमी एक जाणता गडी असावा. पंक्चर झाले, साखळी उतरली, कोणाचे पाय गळाले तर तो थांबतो. मागून येणाऱ्या वाहनांची वर्दी तोच देतो. समूह दहाहून मोठा असेल तर सहा-आठ जणांच्या तुकड्या करून मध्ये निदान शंभर पावलांचे अंतर सोडावे, म्हणजे मोटारीला एक तुकडी ओलांडून मध्ये शिरायला जागा मिळते. अरुंद रस्त्यावर एकेरी रांग हवी. गप्पांसाठी तीन-तीन जणांनी रस्ता अडवणे हे अरेरावीचेच एक रूप आहे.

कानात गाण्यांची नळी घालून समूहात चालवू नये. थुंकायचे वा नाक शिंकरायचे असेल तर शेपटीला जावे. शर्यतीसाठी हँडलवर बसवलेल्या लांब दांड्या समूहात धरू नयेत, कारण तेथून ब्रेकपर्यंत हात पोहोचायला वेळ लागतो. पावसाळ्यात मडगार्ड लावावे. त्याच्या वजनाची कुरकुर करणाऱ्याने एकदा त्याच्या मागे चालून तोंडावर उडणारे चिखलपाणी अनुभवावे.

आपले रस्ते, आपली संकटे

परदेशी पुस्तकांत न सापडणारी काही संकटे खास इथली आहेत. पश्चिम महाराष्ट्रात गळिताचा हंगाम सुरू झाला की पहाटेच्या अंधारात उसाच्या ट्रॅक्टरमागच्या दोन-दोन ट्रॉल्या रस्त्याने सरकत असतात. त्यांना मागे दिवा असेलच याची शाश्वती नाही आणि कडेला लोंबणारी उसाची वाढी चाकात अडकू शकतात. रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्यावर चाक गेले तर ते गोल फिरून सायकल आडवी करते. म्हणून या दिवसांत सायकलीचा पुढचा दिवा केवळ दुसऱ्याला दिसावे इतका मिणमिणता नको. रस्ता दिसेल इतका प्रखर हवा.

पहिल्या पावसात रस्त्यावर साचलेले तेल वर येते आणि वळणे साबणासारखी होतात. उड्डाणपुलांचे लोखंडी सांधे, गटाराची झाकणे आणि रूळ ओले असताना त्यांवर वळू नये वा ब्रेक लावू नये. रूळ शक्यतो काटकोनात ओलांडावेत. गटारावरच्या ज्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने आडव्याऐवजी उभ्या बसवलेल्या असतात, त्यांत बारीक टायर सरळ आत जातो. भटके कुत्रे मागे लागले तर चाक त्याच्या विरुद्ध दिशेला झटकन वळवणे हेच सर्वांत धोक्याचे, कारण त्या बाजूला आपला सोबती असतो. सरळ चालावे, वेग कमी करावा, मोठ्याने दटावावे.

शहरात बस आणि पदपथ यांमधल्या फटीत कदापि शिरू नये. थांब्याकडे वळणाऱ्या किंवा डावीकडे वळणाऱ्या मोठ्या वाहनाच्या चालकाला तेथला सायकलस्वार दिसत नाही. उभ्या मोटारींपासून मीटरभर अंतर राखावे. दार कधी उघडेल याचा नेम नसतो.

घाटांचा विषय स्वतंत्र आहे. उतारावर समूह ही कल्पनाच विसरावी. दोन सायकलींत चार-पाच सायकलींचे अंतर सोडावे, वळणाआधी वेग उतरवावा, वळणात ब्रेक आवळू नये, आणि आतल्या बाजूचे पॅडल वर ठेवावे. सिंहगडाच्या आठ-नऊ किलोमीटरच्या घाटरस्त्यावर सुट्टीच्या दिवशी प्रवासी जीप आणि पर्यटकांच्या मोटारी आंधळ्या वळणावर समोर येतात. तेथे मध्यरेषा ओलांडणे म्हणजे आत्मघात. आषाढी वारीच्या दिवसांत दिवे घाटात वारकऱ्यांची वाट असते. त्या वेळी सायकलस्वाराने दुसरी दिशा धरावी.

पुण्यातील अनेक समूह जुना कात्रज घाट चढून शिंदेवाडीला उतरतात आणि परत येताना सोपा म्हणून नव्या बोगद्याचा महामार्ग धरतात. नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार अवजड वाहनांच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी तेथे एका अवजड वाहनाने अनेक वाहनांना धडक दिली होती. ब्रेक निकामी झालेल्या वाहनापुढे सायकलस्वाराचे कौशल्य कामाला येत नाही. जुन्या घाटानेच परतावे. चढ थोडा अधिक पडतो, एवढेच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलींना मुळातच बंदी आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने होणाऱ्या सायकल शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळत आला आहे. पण शर्यतीच्या दिवशी असलेला बंदोबस्त एरवी नसतो, हे त्या किताबाची स्वप्ने पाहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

निघण्यापूर्वी

हवा, ब्रेक, साखळी आणि चाकांचे खटके, एवढे तपासायला दोन मिनिटे लागतात. टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेतच हवा भरावी. प्रत्येकाजवळ आपल्या मापाची जादा ट्यूब, टायर काढण्याच्या दोन पट्ट्या, पंप आणि ओळखपत्र असावे. ओळखपत्रामागे रक्तगट आणि घरचा दूरध्वनी. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी आणि दर तासाला केळे, खजूर किंवा राजगिऱ्याची वडी पोटात जावी. भूक लागल्यावर खाणे म्हणजे उशीर झाला. दोनशे किलोमीटरच्या ‘ब्रेव्हे’साठी साडेतेरा तासांची मुदत असते आणि रात्री पुढे-मागे दिवे व परावर्तक जाकीट अनिवार्य असते. हा दंडक रविवारच्या चाळीस किलोमीटरच्या फेरीलाही लावायला हरकत नाही. २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण करणारे नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू किंवा २०१७ मध्ये ती एकट्याने पार करणारे नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांची नावे घेऊन अनेक जण या छंदात येतात. अशा अंतरांमागे कितीतरी महिन्यांची तयारी असते. पहिल्याच महिन्यात शंभर किलोमीटर गाठण्याची घाई करू नये.

मोटार वाहन कायद्यातील शिरस्त्राणाची सक्ती पायडलच्या सायकलींना लागू नाही. कायदा सांगत नाही म्हणून डोके उघडे ठेवणाऱ्याला समूहाने बरोबर घेऊ नये, असा नेम अनेक ठिकाणी पाळला जातो आणि तो योग्य आहे. शिरस्त्राणाची पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटे असावी. हनुवटीखालच्या पट्ट्यात एक-दोन बोटेच जावीत.

अपघात झाल्यास

कोणी पडले तर पहिले काम मागची वाहतूक सावध करण्याचे. दोघांनी दिवे लावून मागे पन्नास पावले जाऊन उभे राहावे, बाकीच्यांनी सायकली रस्त्याबाहेर न्याव्यात. पडलेल्याला लगेच ओढून उठवू नये. तो मानेत किंवा पाठीत दुखत असल्याचे सांगत असेल, गोंधळलेला असेल वा क्षणभर तरी शुद्ध हरपली असेल तर तो जेथे आहे तेथेच स्थिर ठेवून १०८ किंवा ११२ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगावा. शिरस्त्राण ओढून काढू नये. वाहता रक्तस्राव असल्यास स्वच्छ कापडाने दाबून धरावा. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्या सद्भावी व्यक्तीला संरक्षण दिले आहे. चौकशीच्या ससेमिऱ्याच्या भीतीने वाटसरू मागे सरत असतील तर त्यांना हे सांगावे.

किरकोळ खरचटले असेल तर माणूस उठतो, हसतो आणि ‘काही झाले नाही’ म्हणत पुन्हा सीटवर बसतो. तेव्हा समूहातल्या जाणत्याने त्याला दहा मिनिटे सावलीत बसवावे, तारीख-वार विचारून पाहावा, हँडल आणि चाक सरळ आहे का, ब्रेक लागतो का, पुढच्या काट्याला तडा नाही ना, हे तपासावे. शिरस्त्राणाच्या आतल्या थर्मोकोलसारख्या थराला चीर दिसली तर ते बाद समजावे आणि त्या सायकलस्वाराची परतीची सोय टेम्पोने करावी.